'वल्हांडण' आणि 'बेखमीर भाकर' : पेसाहविषयक हिब्रू संज्ञांच्या मराठी रूपांची चिकित्सा

गोषवारा

हिब्रू बायबलमधील पेसाह या सणाशी निगडित संज्ञा मराठीत दोन स्वतंत्र मार्गांनी आल्या. एक मार्ग एकोणिसाव्या शतकातील मिशनरी भाषांतराचा, तर दुसरा कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्राएल समाजाच्या घरगुती व्यवहाराचा. पहिल्या मार्गाने 'वल्हांडण' व 'बेखमीर भाकर' हे शब्द रूढ झाले, दुसऱ्या मार्गाने 'अनाशी ढाकाचा सण' हे नाव टिकले. प्रस्तुत लेखात पेसाह, मात्सा, हामेत्स, सेओर, लेहेम ओनी व हिप्पाझोन या संज्ञांचे मूळ अर्थ पाहून त्यांच्या मराठी रूपांत काय साधले व काय निसटले याची चिकित्सा केली आहे.

बीजसंज्ञा : पेसाह, वल्हांडण, मात्सा, खमीर, बेने इस्राएल, भाषांतरमीमांसा.

प्रस्तावना

धर्मग्रंथाच्या भाषांतरात सणांची व अन्नपदार्थांची नावे विशेष अडचणीची ठरतात. तत्त्वविषयक संज्ञेला पर्यायी संज्ञा घडविता येते. अन्नपदार्थाचे नाव मात्र वाचकाच्या स्वयंपाकघरातच आपला अर्थ शोधते. 'निर्गम' या ग्रंथाच्या बाराव्या व तेराव्या अध्यायांत इजिप्तमधील गुलामगिरीतून सुटणाऱ्या इस्राएल लोकांना काही आज्ञा दिल्या आहेत. पशू कोणता घ्यावा, रक्त कोठे लावावे, पीठ कसे मळावे, काय खावे व काय घराबाहेर काढावे, असे त्यांचे स्वरूप आहे. म्हणजेच येथे मुक्तीची कथा दार, उंबरठा, परात आणि चूल यांच्या भाषेत सांगितली आहे. ही भाषा मराठीत येताना तिचे काय झाले, हा प्रश्न केवळ ख्रिस्ती वा ज्यू अभ्यासकांपुरता मर्यादित नाही. भाषांतराचा अभ्यासक्रम शिकविणाऱ्या कोणाही अध्यापकाला तो उपयोगी पडावा असा आहे.

लेखाची मर्यादा प्रारंभीच नोंदविणे आवश्यक आहे. येथे भाषांतरांतील ओळी उद्धृत न करता केवळ रूढ झालेल्या शब्दांचा विचार केला आहे. हिब्रू शब्दांचे देवनागरी लेखन उच्चारानुसारी असून हिब्रूतील घशातून उच्चारला जाणारा वर्ण 'ह' या अक्षराने दर्शविला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मराठीतील बायबल-भाषांतराचा मुद्रित इतिहास श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांच्यापासून सुरू होतो. १८०५ मध्ये मत्तयकृत शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार तेथे छापला गेला. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनने १८२६ मध्ये नव्या कराराचे भाषांतर प्रसिद्ध केले व त्यानंतरच्या दशकांत जुन्या कराराचे भाग छापले गेले. पुढे बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी भाषांतराच्या संशोधनात मोलाचा वाटा उचलला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून केलेले संपूर्ण भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनमधून बाहेर पडले.

या घडामोडींना समांतर असा दुसरा प्रवाह मुंबईतच वाहत होता. मराठी ही ज्यांची घरची भाषा आहे अशा बेने इस्राएल समाजाचे लोक अठराव्या शतकापासून कुलाबा जिल्ह्यातील गावांतून मुंबईत स्थायिक होऊ लागले होते. सामुएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मांडवी भागात उभारलेले 'शाआर हारहामीम' हे मुंबईतील पहिले सिनेगॉग होय. १८२९ मध्ये मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांचे कार्य गिरगावातील आंबरोळी भागाशी जोडलेले होते. त्यांनी १८३२ मध्ये हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीत सिद्ध केली. हे पुस्तक प्रामुख्याने बेने इस्राएल विद्यार्थ्यांसाठी होते. मिशनच्या शाळांतून या समाजातील अनेकांनी हिब्रू आत्मसात केली, परंतु ती त्यांनी स्वतःच्या परंपरेच्या कामी लावली. पेसाहच्या रात्री घरोघरी वाचली जाणारी 'हग्गादा' ही पोथी मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत छापली गेली आणि १८७४ मध्ये पुण्यात तिची सचित्र आवृत्ती निघाली. या पुणे आवृत्तीत मात्सा तयार करणाऱ्या स्त्रिया साडी नेसलेल्या दाखविल्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मोठ्या प्रमाणावर मराठीत आणले.

म्हणजे एकाच शहरात, एकाच शतकात, एकाच हिब्रू शब्दसमूहाला मराठी रूप देण्याचे काम दोन वेगळ्या हेतूंनी चालले होते. एका बाजूस ग्रंथ नव्या वाचकापर्यंत पोचविण्याची तळमळ होती, तर दुसऱ्या बाजूस स्वतःचा विधी स्वतःच्या भाषेत समजून घेण्याची गरज होती. पुढील चिकित्सेत हा भेद लक्षात ठेवावा लागतो.

'पेसाह' : ओलांडणे की पाखर घालणे?

'वल्हांडण' हा शब्द ओलांडणे, वलांडणे या क्रियापदाच्या कुळातील आहे. या कुळाचा संबंध संस्कृत 'उल्लंघन' शब्दाशी जोडला जातो. विल्यम टिंडेल यांनी १५३० च्या इंग्रजी भाषांतरात या सणासाठी 'पासओव्हर' हा जोडशब्द घडविला. मराठी शब्दाची घडण त्याच धर्तीची आहे. परमेश्वर इजिप्तमधील ज्येष्ठ संतती मारीत जात असता इस्राएलांची घरे ओलांडून गेला, म्हणून वल्हांडण, अशी ही उपपत्ती आहे. येथे इतर भारतीय भाषांशी तुलना उद्बोधक ठरते. हिंदी बायबलने 'फसह' आणि गुजरातीने 'पास्खा' हे मूळ नावाचे उच्चारानुसारी रूप स्वीकारले. मराठी कॅथलिक व्यवहारातही 'पास्का' हा शब्द आहे. मराठी भाषांतरकारांनी 'शब्बाथ' व 'एजोब' हे शब्द मूळ रूपाजवळ ठेवले, पण या सणाच्या नावाचे मात्र भाषांतर केले. नावाचे भाषांतर करताच भाषांतरकार एका अर्थनिर्णयाला बांधला जातो, आणि हा अर्थनिर्णय दिसतो तितका निर्विवाद नाही.

'पेसाह' शब्दामागील प-स-ह हा धातू हिब्रू बायबलमध्ये मोजक्याच ठिकाणी येतो. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात तो क्रियापदरूपाने तीन वेळा आला आहे (१२:१३, २३, २७). १ राजे १८:२१ मध्ये दोन मतांमध्ये लंगडत राहणाऱ्या लोकांविषयी, तर १८:२६ मध्ये बआलच्या पुजाऱ्यांनी वेदीभोवती घेतलेल्या उड्यांविषयी तो योजला आहे. त्याच वर्णांचे 'पिस्सेआह' हे विशेषण 'लंगडा' या अर्थी येते. यशया ३१:५ मधील प्रयोग सर्वांत महत्त्वाचा आहे. तेथे घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांची उपमा देऊन परमेश्वर यरुशलेमचे रक्षण करील, असे म्हटले आहे, आणि रक्षणवाचक क्रियापदांच्या रांगेतच हा धातू बसविला आहे. पक्षी पिलांना टाकून पुढे जात नाही, त्यांच्यावर पंख पसरतो. या वचनात 'ओलांडणे' हा अर्थ बसविणे कठीण आहे.

प्राचीन भाषांतरकारांनाही ही अडचण जाणवली होती. ग्रीक 'सेप्तुअजिंत' भाषांतरात १२:१३ व १२:२७ येथे 'आच्छादणे, आसरा देणे' या अर्थाचे क्रियापद आहे आणि १२:२३ येथे 'बाजूने जाणे' या अर्थाचे. ओंकेलोसच्या अरामी भाषांतरात १२:१३ येथे 'गय करणे, दया करणे' हा अर्थ घेतला आहे. जेरोमच्या लॅटिन भाषांतराने मात्र 'संक्रमण, पार जाणे' हा अर्थ ठळक केला आणि पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत तोच रूढ झाला. तात्पर्य, 'ओलांडणे' हा प-स-ह धातूचा एक अर्थ आहे, एकमेव नव्हे.

मराठीच्या बाबतीत या निवडीचा आणखी एक परिणाम झाला आहे. इंग्रजीतील 'पास ओव्हर' हे क्रियापद 'वगळून पुढे जाणे' असे सुचवू शकते. मराठीत घराच्या संदर्भात 'ओलांडणे' हा शब्द प्रथम उंबरठ्याची आठवण करून देतो, आणि उंबरठा ओलांडणे म्हणजे आत येणे किंवा बाहेर पडणे. निर्गम १२:२३ मध्ये तर नेमके हेच टाळावयाचे आहे. दाराची चौकट रक्ताने माखलेली आहे, परमेश्वर त्या दाराशी प-स-ह करतो आणि 'मश्हीत' म्हणजे संहारकाला घरात शिरू देत नाही. दाराशी उभे राहून संहारकाला अडविणारी ही प्रतिमा 'ओलांडून जाणे' या शब्दाने पुसट होते. रक्षणकर्ता दारात थांबला होता की पुढे निघून गेला होता, हा फरक लहान नाही. पहिल्या अर्थी सण सान्निध्याचा ठरतो, दुसऱ्या अर्थी सुटकेचा.

मराठीत दुसरा अर्थ सांगणारा वाक्प्रयोग नाही असेही नाही. 'पाखर घालणे' या प्रयोगात पक्ष्याचा पंख, सावली आणि संरक्षण हे तिन्ही घटक एकत्र आहेत. यशयाच्या उपमेला इतका जवळचा पर्याय इंग्रजीला सहज उपलब्ध नव्हता, मराठीला होता. भाषांतराची दृष्टी इंग्रजी शब्दाच्या घडणीवर खिळल्यामुळे मराठीच्या स्वतःच्या भांडारातील ही शक्यता वापरली गेली नाही, असे म्हणावे लागते.

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. दीर्घ वापराने 'वल्हांडण' हा शब्द आता विशेषनाम झाला आहे. 'ल्ह' या जोडाक्षरामुळे तो 'ओलांडणे' या नित्याच्या क्रियापदापासून दूर गेला असून सामान्य वाचकाला त्याची व्युत्पत्ती जाणवतेच असे नाही. तो शब्द काढून टाकण्याचे प्रयोजन नाही. प्रश्न अध्यापनाचा व टीपांचा आहे. शब्दाला चिकटलेला एकच अर्थ हा मूळचा एकमेव अर्थ आहे, असा समज पसरू नये.

मात्सा, हामेत्स आणि सेओर

'बेखमीर भाकर' या पदाची रचना पाहण्याजोगी आहे. 'खमीर' हा मूळचा अरबी शब्द फारसीमार्गे आला, 'बे' हा अभावदर्शक फारसी उपसर्ग आणि 'भाकर' देशी. या पदाने 'मात्सा' या एका शब्दाचे भाषांतर केले आहे. मूळ हिब्रू शब्द मात्र नकारार्थी नाही. मात्सा हे एका पदार्थाचे स्वतंत्र नाव आहे, जसे मराठीत फुलका किंवा घावन. 'न आंबविलेले' हे त्याचे लक्षण झाले, नाव नव्हे.

मात्साच्या विरोधी बाजूस हिब्रूत दोन वेगळ्या संज्ञा आहेत. निर्गम १२:१५ मध्ये त्या एकाच वचनात येतात. 'सेओर' म्हणजे आधीच्या मळणीतून राखून ठेवलेला आंबट गोळा, जो पुढच्या कणकेत मिसळून ती फुगविली जाते. 'हामेत्स' म्हणजे त्याच्या योगाने आंबून तयार झालेला पदार्थ. सेओर घरातून नाहीसा करावयाचा आहे आणि हामेत्स खावयाचे नाही. मराठीत दोहोंचा भार 'खमीर' या एकाच शब्दावर पडल्यामुळे कारण व कार्य यांतील भेद पुसट होतो. वास्तविक मराठी स्वयंपाकघरात हा भेद अगदी स्पष्ट आहे. दूध आणि दही यांच्यामध्ये विरजण असते. राखून ठेवलेल्या थोड्याशा भागाने पुढचा सगळा घाणा बदलतो, ही कल्पना ज्या घरात रोज विरजण लावले जाते त्या घराला समजावून सांगावी लागत नाही. सेओर हे कणकेचे विरजण होय. सात दिवस ते घरात असू नये, याचा अर्थ वर्षभर अखंड चालत आलेली आंबवणाची साखळी एकदा तोडावी आणि नव्याने आरंभ करावा. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (५:७-८) जुने खमीर काढून टाकण्याचा जो दृष्टान्त दिला आहे, त्याचे बळ याच साखळीच्या कल्पनेत आहे.

'हामेत्स' शब्दाचा धातू ह-म-त्स म्हणजे आंबट होणे. त्याच वर्णांचा 'होमेत्स' हा शब्द आंबवलेल्या द्रवाला, सिरक्याला, लावला जातो. रूथच्या ग्रंथात (२:१४) शेतावरच्या जेवणात भाकरीचा तुकडा ज्यात बुडवावयाचा तो पदार्थ हाच. हिब्रूत आंबलेली कणीक आणि आंबट द्रव एकाच धातूने जोडलेले आहेत. मराठीतही ते तसेच जोडलेले आहेत. संस्कृत 'अम्ल' शब्दापासून आंबट, आंबणे, आंबवणे, आंबील, आंबोळी असे मोठे कुटुंब मराठीत नांदते. 'आंबलेले' हा शब्द हामेत्ससाठी वापरला असता तर मूळ धातूची चव मराठीत उतरली असती. 'खमीर' हा शब्द भाषांतराच्या दृष्टीने चूक नाही, परंतु तो परका व पारिभाषिक राहिला.

'भाकर' या शब्दाचे सामर्थ्य व मर्यादा

'लेहेम' या हिब्रू शब्दासाठी, तसेच ग्रीक 'आर्तोस' शब्दासाठी मराठी बायबलने 'भाकर' हा शब्द योजला. ही निवड कोणत्या सामाजिक परिस्थितीत झाली हे पाहिले पाहिजे. ज्या पदार्थाशी तिचे खरे साम्य होते तो पदार्थ 'पाव' हा होता. पोर्तुगीज भाषेतून आलेला हा शब्द व गोव्याच्या पोदेरांनी माडाच्या सुरेने फुगवून भाजलेला हा पदार्थ, दोन्ही मुंबईस परिचित होते. परंतु एकोणिसाव्या शतकातील मराठी हिंदू समाजात पाव खाणे हे धर्मांतराचे वा बाटण्याचे चिन्ह मानले जाई. १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा, असा दंडक होता. जातिबंधन झुगारल्याची ती कसोटी होती. ज्या समाजात एक घास पाव म्हणजे बंडखोरी, तेथे पवित्र ग्रंथातील नित्याच्या अन्नाला 'पाव' म्हणणे अशक्यप्राय होते. 'भाकर' या शब्दाने ग्रंथ मराठी घरात आणला, हे त्याचे श्रेय मान्य केलेच पाहिजे.

त्याची किंमत मात्र पेसाहच्या प्रकरणी मोजावी लागली. हिब्रू बायबलच्या जगात नित्याची भाकर आंबवलेली असते आणि सणाची भाकर न आंबवलेली. वर्षभराचे अन्न आणि सात दिवसांचे अन्न यांतील हा विरोध सणाचा गाभा आहे. मराठी भाकर ज्वारीची असो, बाजरीची असो वा तांदळाची, ती सामान्यतः आंबवलेली नसतेच. पीठ परातीत मळावे, थापावे आणि तव्यावर टाकावे, यात थांबण्याला जागा नाही. परिणामी 'बेखमीर भाकर' हे पद मराठी वाचकाला पुनरुक्तीसारखे वाटते. रोज जे खाल्ले जाते तेच सात दिवस खावे, यात सण कोणता, असा प्रश्न पडावा. लालबाग-परळच्या गिरणगावात खानावळीच्या ताटात रोज पडणारी भाकर या व्याख्येने वर्षभर 'बेखमीर'च होती.

याहून सूक्ष्म अडचण रब्बींच्या विवेचनात दडलेली आहे. मिश्ना (पेसाहीम २:५) ज्या धान्यांपासून मात्सा करता येते अशी पाच धान्ये सांगते. गहू व जव त्यांत प्रमुख असून उरलेली त्यांच्याच वर्गातील आहेत. तालमूदमध्ये (पेसाहीम ३५अ) यामागचे तत्त्व स्पष्ट होते. जे धान्य हामेत्स होऊ शकते त्याचीच मात्सा होऊ शकते. तांदूळ व बारीक भरडधान्य यांचे पीठ भिजवून ठेवले तर ते या अर्थाने आंबत नाही, सडते, असे तेथे म्हटले आहे. म्हणून त्यांची भाकर कितीही घाईने केली तरी ती मात्सा ठरत नाही. पुढे पीठ भिजविल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजणे पूर्ण व्हावे, अशी मर्यादा रूढ झाली. म्हणजे मात्सा हा आंबण्याची क्षमता असलेल्या कणकेला आंबू न दिल्याने सिद्ध होणारा पदार्थ आहे. गुलामगिरीतून निघालेल्या लोकांनी कणीक फुगण्याची वाट पाहिली नाही (निर्गम १२:३४, ३९). जी कणीक फुगणारच नव्हती तिच्याबाबत वाट न पाहण्याला अर्थ राहत नाही. 'बेखमीर' हा उपसर्गयुक्त शब्द अभाव सांगतो, रोखलेली शक्यता सांगत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ यांच्या प्रदेशात 'भाकर' शब्दाने होणारा अर्थलोप हा असा आहे.

याचे प्रतिबिंब ख्रिस्ती उपासनेतही दिसते. पवित्र मिस्सासाठी लॅटिन परंपरा न आंबवलेली भाकर वापरते, तर पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरा आंबवलेली. १०५४ च्या सुमारास रोम व कॉन्स्टँटिनोपल यांच्यात झालेल्या वादात हा एक कळीचा मुद्दा होता. दादरमध्ये पोर्तुगीज चर्च या नावाने ओळखले जाणारे कॅथलिक चर्च आणि मलंकारा ऑर्थोडॉक्स कॅथीड्रल थोड्या अंतरावर उभे आहेत. दोन्ही ठिकाणच्या वेदीवरील भाकरींत हा भेद आजही आहे. मराठीत मात्र दोन्ही 'भाकर'च, आणि त्यामुळे एका मोठ्या ऐतिहासिक वादाचा विषयच शब्दांत दिसेनासा होतो.

'लेहेम ओनी' आणि 'हिप्पाझोन'

जेथे 'भाकर' शब्द कमी पडतो त्याच्या शेजारीच तो मूळ अर्थाला सर्वांत जवळ जातो, हे नमूद केले नाही तर चिकित्सा एकांगी होईल. अनुवाद १६:३ मध्ये मात्साला 'लेहेम ओनी' म्हटले आहे. 'ओनी' म्हणजे दैन्य, पीडा, दारिद्र्य. मराठीत भाकर हे केवळ अन्नाचे नाव नसून उपजीविकेचे, श्रमाचे व भुकेचे नाव आहे. कामगार भाकरीसाठी मुंबईत आला असे म्हटले जाते, पोळीसाठी आला असे म्हटले जात नाही. नारायण सुर्वे यांच्या कवितेने भाकर ही गिरणगावाची मध्यवर्ती प्रतिमा केली. श्रमिकाच्या हातातली, कोरडी, कालवणाशिवायही खाल्ली जाणारी भाकर हीच 'लेहेम ओनी' होय. गव्हामुळे धान्याच्या दृष्टीने अधिक जवळची असणारी 'पोळी' येथे कामास येणार नाही, कारण मराठीत तिच्याभोवती सणाचे व सुस्थितीचे वलय आहे. रब्बींनी 'ओनी' शब्दाशी 'उत्तर देणे' या अर्थाच्या समोच्चारी धातूची सांगड घालून, जिच्यावर पुष्कळ संवाद होतो ती भाकर, असाही अर्थ काढला (पेसाहीम ३६अ). हग्गादेतील प्रश्नोत्तरांचे मूळ येथे शोधता येते.

'हिप्पाझोन' या शब्दाचे भाषांतर बहुधा 'घाई' असे होते. हिब्रू धातूत मात्र घाईबरोबर भीतीही आहे. अनुवाद २०:३ मध्ये युद्धापूर्वी घाबरून जाऊ नये यासाठी तोच धातू येतो. २ शमुवेल ४:४ मध्ये योनाथानाच्या मुलाला घेऊन पळताना दाईची जी त्रेधा उडाली तिच्यासाठी हा धातू आहे, आणि त्या गडबडीत पडून मूल लंगडे झाले, हे सांगण्यासाठी त्याच वचनात प-स-ह धातू आला आहे. पेसाहच्या कथेतील दोन्ही प्रमुख धातू येथे एका दुर्घटनेत एकत्र येतात. मराठीत 'घाई' रेल्वे गाठणाऱ्याचीही असते. जीव मुठीत धरून निघालेल्यांची ती 'धांदल' किंवा 'तारांबळ' असते. पुढे यशया ५२:१२ मध्ये भावी सुटका 'हिप्पाझोन'विना होईल असे आश्वासन आहे. त्याचे मर्म वेगाच्या अभावात नसून भयाच्या अभावात आहे.

'सेह' या शब्दाचा उल्लेख थोडक्यात पुरे. निर्गम १२:५ नुसार हा पशू मेंढरांतील वा शेळ्यांतील चालतो. मराठीत मेंढीचे पिलू 'कोकरू' व शेळीचे 'करडू'. रूढ झालेल्या 'कोकरू' शब्दाने ख्रिस्ती प्रतीकाला सोय झाली, पण मूळची मोकळीक आकुंचित झाली.

'अनाशी ढाकाचा सण' : स्वयंपाकघरातील भाष्य

हाईम सामुएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला व १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रकाशित झालेला बेने इस्राएलांचा इंग्रजी इतिहास या समाजाच्या जुन्या सणांची मराठी नावे नोंदवितो. नव्याचा सण, खिरीचा सण, दरफाळणीचा सण, बिरड्याचा सण या नावांबरोबरच पेसाहच्या काळातील 'अनाशी ढाकाचा सण' हे नाव त्यात येते. 'अनास' म्हणजे कालवणासारखा वापरला जाणारा आंबट द्रव साठविण्याचे मातीचे भांडे, आणि 'ढाकणे' म्हणजे झाकणे. सणाच्या दिवसांत हे भांडे झाकून ठेवले जाई. हिब्रू ग्रंथांशी थेट संबंध तुटलेल्या काळात या समाजाने सणाचे एवढे रूप जपले होते.

या नावात इजिप्त नाही, मोशे नाही, ओलांडणेही नाही. आहे ते केवळ आंबटाचे भांडे आणि त्यावरील झाकण. परंतु हामेत्स व होमेत्स यांचा वर पाहिलेला धातुसंबंध लक्षात घेतला, तर हे नाव किती मर्मग्राही आहे ते कळते. ज्या घरात आंबवलेली भाकर नव्हतीच, त्या घराने 'आंबलेले दूर ठेवा' ही आज्ञा पाळावी कशी? कोकणातील स्वयंपाकघराने आपल्याकडील आंबट वस्तू शोधली आणि ती झाकली. रूथ ज्यात तुकडा बुडविते त्या भांड्याचेच हे कोकणी भावंड म्हणावे लागेल. रब्बींच्या नियमाप्रमाणे असा द्रव, तो पाच धान्यांपासून केलेला नसेल तर, हामेत्स ठरत नाही. म्हणून धर्मशास्त्रदृष्ट्या ही आचारपद्धती आज्ञेपलीकडे जाते. भाषेच्या दृष्टीने मात्र तिने धातूचा अर्थ अचूक पकडला आहे.

अर्थात या नावाचे अतिरिक्त उदात्तीकरणही टाळले पाहिजे. हे नाव आचार सांगते, कथा सांगत नाही. सण कशासाठी, हा मुलाने विचारावयाचा प्रश्न निर्गम १२:२६ मध्ये आहे, आणि त्या प्रश्नाला 'अनाशी ढाकाचा सण' हे नाव उत्तर देऊ शकत नाही. ते उत्तर १८४६ च्या हग्गादेने मराठीत दिले. 'वल्हांडण' हा शब्द कथा सांगतो, पण स्वयंपाकघराला स्पर्श करीत नाही. 'बेखमीर भाकर' स्वयंपाकघरात शिरते, पण तेथील नित्याच्या भाकरीत हरवते. तीन शब्दांपैकी एकही पुरा नाही, तिन्ही मिळून मात्र मराठीत पेसाहचे बरेचसे चित्र उभे राहते.

निष्कर्ष

१. 'वल्हांडण' हा शब्द प-स-ह धातूच्या एका अर्थाशी बांधलेला आहे. रक्षणाचा अर्थ ग्रीक व अरामी भाषांतरांत आणि यशयाच्या उपमेत स्पष्ट असून तो अध्यापनात आवर्जून मांडला जावा. 'पाखर घालणे' हा मराठी प्रयोग त्यास उपयुक्त आहे.

२. सेओर व हामेत्स यांतील भेद 'खमीर' या एका शब्दाने झाकला जातो. विरजण आणि आंबलेले ही मराठी जोडी तो भेद अधिक सुबोध करते.

३. 'भाकर' हा शब्द नित्याचे व सणाचे अन्न यांतील विरोध दाखवू शकत नाही, परंतु दैन्याची भाकर या अर्थी तो अन्य कोणत्याही पर्यायाहून समर्थ आहे. म्हणून तो बदलण्यापेक्षा 'मात्सा' हे मूळ नाव त्याच्या जोडीने वापरणे इष्ट.

४. बेने इस्राएल समाजाची सणनामे ही केवळ लोकसंस्कृतीची कुतूहलजनक नोंद नसून भाषांतरमीमांसेची साधने आहेत.

या शेवटच्या मुद्द्याला निकडही आहे. १९४८ नंतर झालेल्या स्थलांतरामुळे हा समाज मुंबईत थोड्या हजारांवर आला आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याने संस्थांना आधार मिळू शकतो, शब्दांना मिळेलच असे नाही. आग्रीपाडा, भायखळा व जेकब सर्कल परिसरातील सिनेगॉगच्या इमारती टिकतील. परंतु 'अनास' म्हणजे काय हे सांगू शकणारी पिढी टिकणार नाही. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी मुंबईच्या या मराठीभाषक समाजाकडील मुद्रित व मौखिक शब्दसंपत्तीचा कोश हाती घेणे हे म्हणूनच केवळ धर्माभ्यासाचे नव्हे, तर मराठी भाषेच्या अभ्यासाचे कर्तव्य ठरते.